चित्रण उदंड, संकलन कोठे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली ही परंपरा आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली आहे. काळी आणि पिवळी मारबत इतवारीत समोरासमोर येतात आणि त्यांच्या मागोमाग बडगे येतात. त्या वर्षी लोकांचा राग ज्या गोष्टीवर असेल, मग ती महागाई असो, लाचखोरी असो वा एखादा साथीचा रोग असो, तिचा पुतळा करून तो रस्तोरस्ती मिरवला जातो आणि अखेरीस जाळला जातो. म्हणजे नगरवासीयांच्या तक्रारींचा हा वार्षिक अहवाल त्याच दिवशी राख होतो. मागे उरते ते केवळ चित्रण. आणि चित्रणाला आज तोटा नाही. हात उंचावून मोबाइल धरलेली माणसे तर गर्दीत असतातच. परंतु हेल्मेटवर, छातीवरच्या पट्ट्यावर किंवा सायकलच्या दांडीवर बसवलेले, काडेपेटीहून थोडे मोठे असे कॅमेरेही अलीकडे दिसू लागले आहेत. बाजारात त्यांना ॲक्शन कॅमेरा म्हणतात.

हे चित्रण पुढे कोठे जाते, हा खरा प्रश्न आहे. रामटेकच्या गडाकडे सायकलवर जाणारा विद्यार्थी, चिखलदऱ्याच्या घाटात दुचाकीवरून गेलेला बँकेतला कारकून, शाळेच्या सहलीचे चित्रण करणारे शिक्षक, या सर्वांच्या घरी आज नखाएवढ्या मेमरी कार्डांत कित्येक तासांची दृश्ये पडून आहेत. ती कोणी पाहत नाही. एकदा संगणकावर उतरवून पाहण्याचा प्रयत्न होतो, चित्र अडखळते, आवाज पुढे आणि चित्र मागे अशी स्थिती होते, संगणकाचा पंखा घरघरू लागतो, आणि मग ‘नवा लॅपटॉप घेतल्याशिवाय हे होणार नाही’ असा निष्कर्ष काढून कार्ड पुन्हा खणात जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो काढायला लावण्यात विक्रेत्यांचे हित आहे, हे वेगळे सांगायला नको.

वीस दूरदर्शनांएवढे चित्र

या छोट्या कॅमेऱ्याचा इतिहास फार जुना नाही. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या निक वुडमन या अमेरिकन तरुणाने २००२ साली गोप्रो ही कंपनी स्थापन केली. लाटेवर असताना स्वतःचे छायाचित्र काढता यावे, ही त्यामागची साधी इच्छा होती. २००४ साली बाजारात आलेला त्याचा पहिला कॅमेरा मनगटाला बांधायचा होता आणि त्यात चक्क ३५ मिलिमीटरची फिल्म घालावी लागे. पुढे तो अंकीय झाला आणि दहा वर्षांत त्याची झेप अशी काही वाढली की २०१२ साली फोर-के चित्रण त्याच्या आवाक्यात आले. ते तेव्हा सेकंदाला १५ चौकटींपुरतेच होते. २०१४ मध्ये ३० चौकटींचे झाले. पुढील काळात इतरही अनेक कंपन्यांनी तसे कॅमेरे काढले आणि फोर-के ही मोबाइलमधलीही सामान्य गोष्ट होऊन गेली.

फोर-के म्हणजे नेमके किती, याचा अंदाज यावा म्हणून थोडा हिशेब करणे उपयुक्त ठरेल. १९८२ साली आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले. त्या पद्धतीचे चित्र संगणकाच्या भाषेत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपक्यांचे. फोर-के चित्र ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपक्यांचे. एका चौकटीत वीस दूरदर्शन मावतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एक चौकट सुमारे २५ मेगाबाइटची होते आणि सेकंदाला ३० चौकटी या हिशेबाने एका सेकंदाला साधारण ७५० मेगाबाइट लागतील. हा भार एवढ्याशा कार्डाला झेपणारा नाही. म्हणून कॅमेरा तो आकुंचित करतो. सेकंदाला ६० मेगाबिट, म्हणजे साडेसात मेगाबाइट, हा वेग या कॅमेऱ्यांत बरेच दिवस प्रचलित होता. नंतरच्या कॅमेऱ्यांत तो १०० मेगाबिटपर्यंत गेला. साडेसातचा हिशेब धरला तरी मूळ चित्राच्या शंभराव्या भागावर काम भागवले जाते. तरीही तासाला २७ गिगाबाइट होतात. मारबतीची मिरवणूक तीन तास चित्रित केली तर ८१ गिगाबाइट! एखाद्या जुन्या लॅपटॉपची निम्मी जागा एकाच दिवसाने व्यापावी, असा हा प्रकार आहे.

कित्त्याची वही

आता हा शंभरावा भाग कसा साधतो, हे समजले की संगणक का अडखळतो हेही समजते. ज्यांनी कचेरीत जमाखर्चाच्या वह्या हाताळल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल. वरच्या ओळीतलाच मजकूर खालच्या ओळीत पुन्हा यायचा असेल तर पूर्वी ‘कित्ता’ असे लिहीत. कॅमेराही तेच करतो. एक चौकट तो पूर्ण लिहितो. तिच्या पुढच्या कित्येक चौकटींत फक्त ‘कित्ता, मात्र एवढा बदल’ असे लिहून ठेवतो. काही चौकटी तर मागच्याच नव्हे, पुढच्या चौकटीचाही हवाला देतात. एच. २६४ आणि त्याहून काटकसरी अशी एच. २६५ या आकुंचनाच्या प्रचलित पद्धती याच तत्त्वावर चालतात.

चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ पाहायचे असेल तर ही वही ठीक आहे. परंतु संकलन करणारा माणूस सरळ वाचीत नाही. तो मध्येच थांबतो, मागे येतो, सातवी ओळ बाराव्या ओळीखाली नेऊन ठेवतो. सातवी ओळ ‘कित्ता’ असेल तर संगणकाला मूळ ओळ शोधीत मागे जावे लागते, तेथून पुन्हा एकेक बदल करीत पुढे यावे लागते आणि मग कोठे ते एक चित्र पडद्यावर येते. आपण माऊस एक इंच सरकवला की हे सारे पुन्हा करायचे. कार्ड लहान राहावे म्हणून कॅमेऱ्याने वाचवलेले श्रम घरच्या संगणकाच्या माथी मारले जातात, असे म्हटले तरी चालेल. त्यात हे कॅमेरे डोक्यावर वा दुचाकीवर बसवलेले असतात. सगळी चौकटच हादरत असते. झाडे, रस्ता, माणसे, सारेच दर क्षणी जागा बदलतात. ज्या वहीत दर ओळ वेगळी, तिच्यात ‘कित्ता’ लिहून बचत होणार कितीशी? म्हणून खडबडीत रस्त्यावरचे चित्रण जड तर असतेच, शिवाय झाडांच्या पानांत आणि मुरमाच्या रस्त्यात ते चिखलासारखे कालवल्यागत दिसते. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. लिहायचे पुष्कळ आणि ओळी मोजक्या, असा तो प्रकार असतो.

यावरचा उपाय व्यावसायिक संकलकांना केव्हाचा माहीत आहे आणि तो गरिबाच्याही आवाक्यातला आहे. मूळ चित्रणाची एक हलकी प्रत करायची, तिच्यावर सगळी काटछाट करायची आणि अखेरीस त्याच काटछाटीप्रमाणे मूळ चित्रणातून अंतिम चित्र तयार करायचे. या हलक्या प्रतीला प्रॉक्सी म्हणतात. मराठीत कच्ची प्रत म्हणावे. ९६० गुणिले ५४० ठिपक्यांची कच्ची प्रत फोर-केच्या सोळाव्या भागाएवढी असते. तिच्यातल्या प्रत्येक चौकटीचा मजकूर पूर्ण लिहिलेला असेल, ‘कित्ता’ मुळीच नसेल, तर उत्तमच. मग सात-आठ वर्षांचा जुना लॅपटॉपही न अडखळता मागे-पुढे धावू लागतो. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मुक्त सॉफ्टवेअरे फुकट मिळतात आणि दोघांतही ही सोय आहे. चित्रपटसृष्टीत रंगकामासाठी नावाजलेले दा विंची रिझॉल्व्ह फुकट आवृत्तीतही कच्ची प्रत करू देते. त्या आवृत्तीत अंतिम चित्र फोर-केपुरते मर्यादित आहे, पण घरातल्या कोणाला त्याहून मोठे हवे आहे?

गंमत अशी की गोप्रो स्वतःच मूळ फाइलीबरोबर एक हलकी फाइल कार्डात ठेवत असतो. तिच्या नावाचे शेपूट ‘एल. आर. व्ही.’ असे असते, म्हणजे कमी ठिपक्यांचे चित्रण. मोबाइलवर झटपट दाखवण्यासाठी ती केलेली असते. पुष्कळ जण ती केरकचरा समजून पुसून टाकतात. वस्तुतः तिचे शेपूट बदलून ‘एम. पी. फोर’ केले की ती साध्या संगणकावरही चालते, आणि निदान कोणते तुकडे ठेवायचे, कोणते टाकायचे याची पहिली निवड तिच्यावर घरबसल्या करता येते.

दुसरी अडचण फाइलींच्या नावांची. जुन्या फाइल-पद्धतीच्या मर्यादेमुळे हे कॅमेरे बराच काळ चार गिगाबाइट झाले की चित्रण तोडून नवी फाइल सुरू करीत आले आहेत. वर धरलेल्या वेगाने दर नऊ मिनिटांनी एक तुकडा होतो. तीन तासांचे वीस तुकडे. त्यातही गोप्रोच्या नव्या फाइलींच्या नावात तुकड्याचा क्रमांक आधी आणि चित्रणाचा क्रमांक नंतर येतो. त्यामुळे फाइली नावांप्रमाणे लावल्या की सगळ्या चित्रणांचे पहिले तुकडे एकत्र येतात, मग सगळ्यांचे दुसरे. मिरवणूक सुरू होते, मध्येच सायकल सहल लागते, मग पुन्हा मिरवणूक! वेळेप्रमाणे लावल्या की सारे ठिकाणावर येते. एम. एस.-सी. आय. टी. केलेल्या कोणालाही हे जमेल. पण सांगितले पाहिजे, आणि कोणी सांगत नाही.

एक स्थानिक बाबही येथेच नोंदवावी. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची आहे. कॅमेरा अमेरिकन ६० आवर्तनांवर ठेवून रात्री महालात वा सीताबर्डीवर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रण केले की चित्र लुकलुकते. कॅमेऱ्यात ५० हा आकडा निवडून सेकंदाला २५ किंवा ५० चौकटी घेतल्या की हा त्रास मुळातच टळतो. नंतर संकलनात तो काढणे दुरापास्त असते. शिवाय कच्च्या प्रती तयार करण्याचे काम संगणकाला तासन्‌तास राबवणारे असल्याने नागपूरच्या मे महिन्यात ते दुपारी करू नये. पारा ४५ अंशांवर असताना वाळ्याच्या ताट्यांमागे माणूस कसाबसा तगतो, संगणकाने काय करावे? रात्री काम लावून झोपावे.

स्वयंपाकघरातली पहिली संकलनशाळा

येथवर यंत्राची गोष्ट झाली. ती सुटण्यासारखी आहे. न सुटणारी गोष्ट निवडीची आहे, आणि तेथे आपल्याकडचा एक जुना दाखला उद्बोधक वाटतो.

घरगुती संकलन ही काही मोबाइलच्या युगाची देणगी नव्हे. भारतीय चित्रपटाचा जन्मच एका मराठी घरात झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा फिल्म हाताळण्याचे पुष्कळसे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. त्या काळी कोरी फिल्म काठाला छिद्रे न पाडता येत असे. अंधारात बसून ती छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे ही कामे त्या सर्व घरकाम सांभाळून करीत. मंडळींच्या जेवणखाणाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. देशातल्या पहिल्या संकलकाचा मान त्यांना दिला जातो, तो योग्यच आहे.

त्या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एकेका फुटाला पैसे पडत होते. काय घ्यायचे आणि काय नाही, याचा विचार कॅमेऱ्याचा दांडा फिरवण्याआधीच करावा लागे. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. ठराविक अंतराने एकेक चौकट घेत त्यांनी महिनाभराचा काळ मिनिटा-दोन मिनिटांत बसवला. त्या प्रयोगाकडे चमत्कार म्हणून पाहिले जाते. परंतु आजच्या दृष्टीने त्यातला अधिक मोलाचा भाग असा की महिन्यातल्या अब्जावधी क्षणांपैकी कोणते क्षण नोंदवायचे हे त्या माणसाने आधी ठरवले होते. छातीवर कॅमेरा बांधून तीन तास चालू ठेवणाऱ्याने काहीच ठरवलेले नसते. ठरवण्याचे काम तो पुढे ढकलतो आणि त्याला वाटते की आपण ते टाळले.

म्हणून संकलन म्हणजे सजावट नव्हे. शीर्षके, संगीत, एका दृश्यातून दुसरे विरघळत जाणे, या गोष्टी विंडोज मूव्ही मेकरने पुष्कळांना शिकवल्या. मायक्रोसॉफ्टने ते सॉफ्टवेअर २०१७ च्या जानेवारीत बंद केले. पण त्याने लावलेली खोड मात्र गेली नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा शिक्षकांनी घरून पाठ चित्रित केले. त्यातल्या काहींत फळा फिरत येई आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. आणि काहींत मात्र एकही चमत्कृती नसताना वर्गात बसल्यासारखे वाटे, कारण त्या शिक्षकांनी चुकलेली वाक्ये कापली होती आणि मुलाला विचार करायला लागणारा विराम तेवढा ठेवला होता. ती खरी संकलनदृष्टी. तीन तासांच्या मिरवणुकीतून बारा मिनिटे निवडायची तर बारा मिनिटे शोधायची नसतात, दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटे सोडायची हिंमत करायची असते. स्वतः जिवावर उदार होऊन गर्दीत शिरून घेतलेले दृश्य, केवळ ते कष्टाने मिळाले म्हणून, पाहणाऱ्याला महत्त्वाचे वाटत नाही. हे स्वीकारणे कठीण जाते.

ही निवड यंत्रावर सोपवण्याची सोयही आता झाली आहे. मोबाइलमधली काही सॉफ्टवेअरे चेहरे, हालचाल आणि मोठा आवाज पाहून आपोआप दीड मिनिटाची चित्रफीत गाण्यासह तयार करून देतात. वाढदिवसाला ते पुरेसे आहे. परंतु मारबतीच्या मिरवणुकीत मोठा आवाज ढोल-ताशांचा असतो, आणि त्या वर्षीच्या बडग्याच्या गळ्यातली पाटी आवाज करीत नाही. ती पाटी वाचता येईल एवढा वेळ पडद्यावर राहिली पाहिजे, हे ज्याला मराठी वाचता येते आणि शहराचा राग कळतो तोच ठरवील.

चौकटीबाहेर काय ठेवले?

उच्च क्षमतेच्या चित्रणाने संकलकाच्या हाती आणखी एक शक्ती आली आहे, आणि तिचा विचार जितका व्हायला हवा तितका झालेला नाही. पूर्वी घरगुती संकलनात दृश्य कोठे सुरू करायचे आणि कोठे तोडायचे, एवढेच ठरवता येत असे. फोर-के चित्रातून फुल एचडी चित्र काढायचे असेल तर चौकटीचा कोणताही चौथा भाग उचलता येतो आणि चित्राचा दर्जा उतरल्याचे पाहणाऱ्याला कळतही नाही. म्हणजे कोठून कोठपर्यंत पाहायचे याबरोबरच कोणाकडे पाहायचे, हेही नंतर, घरी बसून, ठरवता येते. वर्गाच्या सहलीच्या चित्रणात कोपऱ्यात उभा राहिलेला अबोल मुलगा असा पुढे आणता येतो. हे या शक्तीचे सुंदर रूप. दुसरे रूपही आहे.

३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात ‘एफ-२’ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवले. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, वाहनचालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. ही दखल घेतली गेली, याचे कारण त्या चित्रात वाहने दिसत होती. क्षणभर कल्पना करावी की तेच दृश्य एखाद्या हौशी पर्यटकाने फोर-केमध्ये टिपले आणि घरी आल्यावर चौकट आवळून वाहने बाहेर ठेवली, इंजिनांचा आवाज काढून त्याजागी बासरी घातली. उरेल ती निबिड अरण्यात पिलांसह चाललेली वाघीण! एकही चौकट खोटी नाही, आणि एकूण चित्र मात्र सपशेल खोटे. असे ‘निसर्गरम्य’ चित्र पाहूनच पुढच्या रविवारी आणखी दहा गाड्या निघतात. ताडोबा आणि पेंच यांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या या शहरात हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही.

काटछाट करणारा प्रत्येक जण लबाड असतो, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. वर्तमानपत्रातही बातमी कापावी लागते. परंतु बातमी कापणाऱ्याला मूळ प्रत जपावी लागते, आणि नेमकी हीच सवय घरगुती संकलकाला नाही. चित्रफीत तयार झाली, नातेवाइकांना पाठवली, की कार्ड मोकळे करून पुढच्या सहलीला नेले जाते. कार्डाची किंमत पाहता हे स्वाभाविक आहे. पण मूळ चित्रण गेले की कापलेली प्रतच मूळ होऊन बसते.

कायद्यालाही हे ओळखावे लागले आहे, आणि त्याचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला की काय, असा वाद होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत त्या वेळी व्हिडिओ कॅमेरे चालू होते. म्हणजे सारे काही चित्रित होते. पण न्यायालयापुढे आल्या त्या चित्रणाच्या तबकड्या, अर्थात प्रती; आणि पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र ज्या साधनात चित्रण मुळात झाले तेच साधन त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर केले तर त्याची गरज नाही. ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले आणि ते ज्याच्या हाती होते त्यानेच दिले नाही, त्याला न्यायालयाने सूट दिली. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलीचे ‘हॅश मूल्य’ही लिहावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. घरी सहज कापून ठेवलेल्या आणि मोबाइलवरून पाठवताना आणखी आकुंचित झालेल्या प्रतीचा ठसा मूळ फाइलीशी कधीच जुळणार नाही.

सामान्य माणसाचा न्यायालयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. दुचाकीच्या हेल्मेटवर कॅमेरा लावून वर्धा मार्गावरून रोज कचेरीत जाणाऱ्याचा संबंध केव्हा येईल, हे त्यालाही सांगता येणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या रात्री लोकांनी गच्चीवरून, जिन्यावरून जे चित्रित केले, त्यातले पाण्याचे भयंकर लोंढे तेवढे सगळीकडे फिरले. पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता किती पायऱ्या चढले, हे सांगणारी कंटाळवाणी मिनिटे मात्र काटछाटीत पहिल्यांदा जातात. आणि पुढे एखाद्या अभियंत्याला वा चौकशी करणाऱ्याला नेमकी तीच हवी असतात. पाहण्यासाठी लहान चित्रफीत करावी, हे योग्यच. मोठी पुसू नये, एवढेच. कच्च्या प्रतीवर संकलन करण्याच्या पद्धतीत मूळ फाइलीला हातही लागत नाही, हा तिचा आणखी एक गुण आहे.

मूळ जपण्याचा खर्च फारसा नाही. एक किंवा दोन टेराबाइटची बाहेरून जोडायची साधी हार्ड डिस्क वर्षभराच्या हौसेला पुरते. शक्य असेल तर दुसरी प्रत भावाच्या वा मुलीच्या घरी ठेवावी. पुण्यात २००३ च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्या तेव्हा एका जागी ठेवलेल्या संपत्तीचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ आज कोणालाही पूर्ण पाहता येत नाही. शाळा, वाचनालये आणि मोहल्ल्यातली मंडळे यांनी मनावर घेतले तर निदान मारबतीच्या बडग्यांचे दर वर्षीचे चित्रण एका जागी जमा करता येईल. त्यासाठी स्टुडिओ नको. एक जुना संगणक, दोन डिस्का, एखादा निवृत्त शिक्षक आणि कच्ची प्रत करायला शिकलेले दोन विद्यार्थी पुरेत.

मात्र त्यांना एक गोष्ट चित्रण करणाऱ्यांकडून मिळायला हवी. बॅटरी पूर्ण संपली की पुष्कळ कॅमेऱ्यांचे घड्याळ मूळ तारखेवर परत जाते, आणि मग २०२५ ची मिरवणूक फाइलीत भलत्याच वर्षीच्या १ जानेवारीला निघालेली दिसते. तेव्हा कॅमेरा डोक्यावर चढवण्यापूर्वी तारीख आणि वेळ लावून घ्यावी. तेही राहिले तर निदान कार्ड ज्या पाकिटात ठेवायचे त्यावर पेन्सिलीने वर्ष, तिथी आणि गल्लीचे नाव लिहावे.